भिंतीला ओल: तुमचे अनुभव लिहा

काल कपाट भिंतीपासून ओढलं आणि तो कुबट वास आला. थेट वाईचं आजोळ आठवलं. माजघराची भिंत, मातीत रचलेल्या विटांची, कमरेपर्यंत लोणा. आजी सकाळी केरसुणीने पांढरी पूड झाडायची, दोन दिवसांत पुन्हा तेच. मामाने वैतागून सिमेंटचा गिलावा केला. तिसऱ्या पावसाळ्यात ओल गिलाव्याच्याही वर, खांद्यापर्यंत. शेवटी एका म्हाताऱ्या गवंड्याने सगळं सिमेंट खरवडून चुना लावला. "पाणी आत शिरलंय, त्याला बाहेर पडायला वाट नको का?" म्हणाला. तुमच्याकडे काय झालं?

कृष्णाकाठ
सांगली, ऑगस्ट २०१९. घरात छातीएवढं पाणी. ओसरल्यावर दिवाळीला रंग द्यायचाच हा आमचा हट्ट. होळीला पोपडे हातात. नऊ इंची वीट, महिन्याला जेमतेम इंचभर वाळते म्हणे. पूर आलेल्यांनो, घाई नका करू, एक उन्हाळा जाऊ द्या.

चिमणी
ती पूड खारट लागते. लहानपणी चाटलीये 😄

जोतं
आमच्याकडे डीपीसी (जोत्यावर जमिनीची ओल अडवायला घालतात तो थर) होती तरी ओल! दोन वर्षं केमिकलवाल्यांना पैसे दिले. मग बाबांच्या लक्षात आलं, अंगणात फरशीवर फरशी घालत गेलो आणि अंगण डीपीसीच्या वर गेलं. पाणी बाहेरून गिलाव्यात शिरून वर. अंगण वीतभर खाली नेलं, जोतं उघडं पडलं. पुढच्या वर्षी भिंत कोरडी. आधी बाहेर जाऊन बघा हो!

तिसरा मजला
आमची ओल वरून. वरच्या काकूंची मोरी गळते, त्या मानत नाहीत. लेकाला दमा आहे, रडू येतं.

कृष्णाकाठ
@तिसरा मजला, सोसायटीला लेखी द्या, फोटोवर तारीख टाकून. आणि बाळाचा पलंग आजच त्या भिंतीपासून हलवा.

पागोळी
धागाकर्त्या ताई, पोळ्या गुंडाळायची फॉइल भिंतीला चारी बाजूंनी चिकटपट्टीने घट्ट लावा, दोन दिवस ठेवा. थेंब आतल्या बाजूला आले तर ओल भिंतीतली. खोलीकडच्या बाजूला आले तर हवेतली, कपाट चिकटून असल्यामुळे. (कुकर झाला, पळते)

चिमणी
कपाटात काय आहे पण?

धागाकर्ती
फॉइल आत्ताच लावली. कपाटात आईची पैठणी आणि गोधड्या.

पागोळी
अगं बाई, आधी पैठणी बाहेर काढ!