अनुभव धागा : चिविता दि बान्योरेजो आणि भोवतालची दृश्यस्थळे

इटलीत रोमहून फ्लोरेन्सकडे जाणाऱ्या लोहमार्गावर ओर्विएतो हे स्थानक लागते. तेथून बसने बान्योरेजो गाठून गावाच्या शेवटच्या टोकापर्यंत चालत गेले, की समोरच्या दरीत सुटा उभा असलेला एक डोंगर दिसतो आणि त्याच्या माथ्यावर दगडी घरांची दाटी दिसते. हीच चिविता. एत्रुस्कन या प्राचीन इटलीतील लोकांनी सुमारे अडीच हजार वर्षांपूर्वी वसवलेल्या या गावात आज बारा महिने राहणारी माणसे डझनभर असतील-नसतील. पाहायला येणारे मात्र लाखांनी येतात. त्यांतले बहुतेक जण पुलावरून वर जातात, चौकात कॉफी घेतात, छायाचित्रे काढतात आणि त्याच पुलाने परततात.

माझे मत असे आहे की चिविता आत शिरून जितकी कळते, त्याहून कितीतरी अधिक बाहेरून, निरनिराळ्या बाजूंनी पाहिल्यावर कळते. ज्या झिजेमुळे हा देखावा घडला, तीच झीज गावाचा पायाही पोखरते आहे, आणि हे एकाच ठिकाणी उभे राहून लक्षात येत नाही. म्हणून, ज्यांनी हा परिसर पाहिला आहे त्यांना आग्रहाचे निमंत्रण आहे. आपण कोठून पाहिले, कोणत्या ऋतूत, कोणत्या वेळी आणि तेथील जमिनीत काय दिसले, हे सविस्तर लिहावे. खाणे आणि मुक्काम यांची चर्चा कृपया येथे नको.

सुरुवात मीच करते. बान्योरेजोच्या टोकावर जो सज्जा आहे, त्याला तेथे ‘बेलव्हेदेरे’ म्हणतात. हे ठिकाण चिवितेच्या पश्चिमेस असल्यामुळे दुपार कलल्यावर ऊन आपल्या पाठीमागून येते आणि समोरचा कडा तांबूस-पिवळा उजळतो. सकाळी याच्या उलट घडते; सूर्य गावामागे असतो, घरांची नुसती काळी आकृती दिसते, आणि शरद ऋतूत दरीत धुके भरले असेल तर डोंगराचा खालचा भाग पूर्ण झाकला जातो. सज्ज्याखाली खडकात कोरलेली एक गुहा आहे, तिला संत बोनाव्हेंतुरा यांचे नाव दिलेले आहे. तेराव्या शतकातील हे थोर फ्रान्सिस्कन विचारवंत मूळचे चिवितेचे. त्यांचे घर जेथे होते तो कडाच पुढे दरीत कोसळला. गुहेच्या तोंडाशी उभे राहून गावाकडे पाहिले की ही गोष्ट चरित्रातल्या टिपेपुरती राहत नाही, डोळ्यांना दिसते.

भूशास्त्राच्या निवृत्त शिक्षकाचा अनुभव

ताई, निमंत्रणाबद्दल आभार. मी आयुष्यभर विद्यार्थ्यांना दख्खनच्या बेसॉल्टचे थर दाखवले. आपल्याकडे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचे थर एकावर एक बसलेले आहेत. बहुतेक ठिकाणी कठीण खडकाखालीही कठीण खडकच असतो, आणि म्हणून आपले कडे शतकानुशतके ताठ उभे राहतात. चिवितेत रचना अगदी निराळी आहे. तळाशी समुद्राच्या तळावर साचलेली चिकणमाती आहे. समुद्र हटला, जमीन वर आली आणि त्यानंतर बोल्सेना परिसरातील ज्वालामुखींनी फेकलेली राख व इतर पदार्थ त्या मातीवर पसरले. राखेचे हे थर घट्ट होऊन टफ नावाचा दगड तयार झाला. भूशास्त्राच्या हिशेबाने हा सगळा व्यवहार फार अलीकडचा आहे. हा दगड मऊ, छिन्नीने सहज कोरता येणारा, तरीही उभ्या भिंतीसारखा टिकणारा असतो. गाव त्या दगडावर बसले आहे, आणि दगड मातीवर.

पाऊस पडतो तेव्हा पाणी टफमधील उभ्या भेगांतून खाली झिरपते आणि चिकणमातीवर येऊन थांबते, कारण ती पाणी आरपार खाली जाऊ देत नाही. माती वरून भिजते, फुगते, निसटते. दोन्ही बाजूंचे ओढे तिचा पायथा खरवडत असतात. माती सरकली की वरच्या दगडाचा आधार जातो, भेग रुंदावते आणि एखादा संपूर्ण खांब बाहेरच्या बाजूला कलून खाली येतो. टफ स्वतः फारसा झिजत नाही, तो आधार गेल्यामुळे पडतो; हा भेद समजला की समोरचा सगळा देखावा वाचता येतो.

आसपासच्या दरीत ज्या उघड्या करड्या धारा दिसतात, त्यांना स्थानिक लोक ‘कालांकी’ म्हणतात. उन्हाळ्यात माती तडकते, पुढच्या पावसात प्रत्येक तडा पाण्याची वाट बनतो आणि दोन घळींमधील भाग कापला जाऊन सुरीच्या पात्यासारखा उरतो. मी पायवाटेच्या कडेचे एक कोरडे ढेकूळ हातात घेतले. ते इतके कडक होते की नखाने ओरखडाही नीट उठत नव्हता. मग त्यावर बाटलीतले थोडे पाणी सोडले. आधी बारीक बुडबुडे आले, नंतर कडेच्या पापुद्र्यांना फट पडली, आणि पाहता पाहता तो भाग तळहातावर लगदा होऊन पसरला. ज्यावर एक गाव अडीच हजार वर्षे उभे आहे, ती ही माती. तेथे जाणाऱ्या प्रत्येकाने हा प्रयोग करून पाहावा असे मी मनापासून सांगेन.

नेदरलँड्समधून

माझ्या सासूबाईंचे गुडघे दुखतात. चिवितेचा पूल सुमारे ३०० मीटर लांब आहे आणि शेवटच्या टप्प्यात त्याचा चढ अंगावर येतो. वाहनांना तेथे सर्वसाधारण प्रवेश नाही. त्यामुळे आम्ही त्यांना घेऊन दरीच्या उत्तरेकडील लुब्रियानो या छोट्या गावी गेलो. तेथे पिवळ्या रंगाचे मादोन्ना देल पोज्जो हे चर्च आहे, आणि त्याच्या शेजारच्या चौकातून चिविता आडवी, या टोकापासून त्या टोकापर्यंत दिसते. बान्योरेजोकडून गावाचे तोंड दिसते. लुब्रियानोकडून त्याची संपूर्ण कूस दिसते. खाली करडी माती, मध्ये मधासारख्या रंगाचा दगड, वर त्याच दगडाची घरे. खडक कोठे संपतो आणि भिंत कोठे सुरू होते, हे बराच वेळ निरखूनही ठरवता येत नाही. सासूबाई कठड्याजवळ निवांत बसून होत्या आणि शेवटी म्हणाल्या, “वर गेलेल्यांना हे दिसलंच नसेल.” त्यांचे म्हणणे अगदी बरोबर होते. ज्यांना चढ झेपत नाही, त्यांनी हळहळू नये; लुब्रियानो हे दुय्यम ठिकाण मुळीच नाही.

नाशिकच्या एका भटक्याकडून

दरीत उतरल्याशिवाय या परिसराची उंची कळत नाही. चिवितेच्या पायथ्याशी डोंगराच्या पोटातून आरपार खोदलेला एक जुना बोगदा आहे, त्याचे नाव बुकायोने. तो ओलांडला की कालांकींच्या खोऱ्याकडे जाणारी वाट मिळते. आत गारवा असतो, आणि भिंतींवर हात फिरवला की दगडाचे कण बोटांना लागतात. बाहेर पडताच उजेड डोळ्यांवर येतो आणि समोर त्या करड्या धारा उभ्या राहतात. मे-जूनमध्ये उतारांवर जिनेस्त्रा नावाच्या झुडपाची पिवळीधमक फुले असतात. ज्या उतारावर झुडपांची मुळे धरून आहेत तो उतार गोलसर राहिला आहे आणि ज्यावर काही उगवत नाही तो धारदार झाला आहे, हे एकाच नजरेत दिसते. पुढे मातीचा एक सुळका आहे, त्याला तेथील लोक ‘कात्तेद्राले’ म्हणजे मोठे चर्च म्हणतात. याखेरीज ‘पोन्तिचेल्ली’ नावाच्या अरुंद मातीच्या भिंती आहेत, ज्यांचा माथा काही ठिकाणी पाऊल टेकण्याइतकाही रुंद नाही.

सह्याद्रीत फिरणाऱ्यांना एक गोष्ट कळकळीने सांगतो. आपल्या पायांना कातळाची सवय असते. धार दिसली की तिच्यावरून चालण्याचा मोह होतो. येथे तो मोह पूर्णपणे टाळावा, कारण ती धार कातळाची नाही आणि आपल्या वजनाने तिचा माथा ढासळतो. त्यात आपला जीव जातो आणि ती धारही जाते. पावसानंतर या वाटेने जाऊच नये. ओली चिकणमाती बुटाच्या तळाला थरावर थर चिकटत जाते आणि पकड संपूर्ण नाहीशी होते. जमीन पूर्ण सुकल्यावर, सकाळच्या तिरप्या उन्हात, जेव्हा प्रत्येक घळीची सावली वेगळी दिसते, तेव्हा जावे.

पुण्याच्या एका स्थापत्य अभियंत्याकडून

वरच्या गुरुजींनी कारणे इतकी नेमकी सांगितली आहेत की त्यात मला थोडीच भर घालायची आहे. चिविता पूर्वी अशी सुटी नव्हती. एका सोंडेने ती बान्योरेजोला जोडलेली होती. ११ जून १६९५ च्या भूकंपाने मोठी पडझड झाली, त्यानंतर बिशपचे आसन आणि कारभार बान्योरेजोत हलला, लोकही हळूहळू निघून गेले, आणि दरडींनी ती सोंड खचत गेली. पुढे बांधलेला पूल दुसऱ्या महायुद्धात माघार घेणाऱ्या जर्मन सैन्याने उडवला. आज आपण ज्यावरून चालतो तो काँक्रीटचा पादचारी पूल १९६५ चा आहे. पुलावरून जाताना बहुतेकांची नजर समोरच्या वेशीवर असते. मी म्हणेन की मध्यावर थांबून खाली पाहावे, कारण आपल्या पायाखालची ती पोकळी म्हणजेच गेलेली सोंड आहे.

गावात ‘भूशास्त्र आणि दरडी’ या विषयाला वाहिलेले एक संग्रहालय आहे. ते लहान आहे आणि पुष्कळ जण ते वगळतात, याचे मला वाईट वाटते. कोणता भाग केव्हा पडला, कोठे खडकाला पोलादी सळ्यांनी बांधून ठेवले आहे, भेगांवर लक्ष कसे ठेवले जाते, हे तेथे नकाशे आणि प्रतिकृतींतून समजते. ते पाहून बाहेर आल्यावर मला माळीण आठवल्याशिवाय राहिले नाही. २०१४ मध्ये माळीण आणि २०२३ मध्ये इर्शाळवाडी आपण गमावली. खडक वेगळा, पाऊस वेगळा, पडण्याची रीत वेगळी. पण आपल्याकडेही डोंगराच्या कुशीतल्या गावात शाळेच्या पोरांना कळेल असे दरडींचे संग्रहालय असायला हवे, ही इच्छा तेव्हापासून माझ्या मनात आहे आणि ती येथे नोंदवून ठेवतो.

२००६ मध्ये चिवितेचा समावेश जगातील धोक्यात असलेल्या वारसास्थळांच्या यादीत, म्हणजे ‘वर्ल्ड मॉन्युमेंट्स वॉच’मध्ये झाला होता. २०१३ पासून प्रवेशाला शुल्क आहे. आरंभी ते दीड युरो होते, नंतर वाढले. अशा जागी शुल्क घेणे मला पूर्णतः योग्य वाटते.

मोन्तेफियास्कोनेहून

चिविता पाहिल्यावर तिच्या दगडाचे मूळ पाहावे, या विचाराने आम्ही उभयता मोन्तेफियास्कोनेला गेलो. बोल्सेना सरोवराच्या आग्नेयेकडील काठावर उंचावर हे गाव आहे. तेथील रोक्का देई पापी या किल्ल्याच्या आवारात एक बुरूज आहे, जेथून रोममधील संत पीटर यांच्या समाधीपर्यंत १०० किलोमीटर अंतर उरते असे पायी जाणाऱ्या यात्रेकरूंना सांगितले जाते. वर चढले की सारे सरोवर एका दृष्टिक्षेपात येते. सुमारे ११३ चौरस किलोमीटर पसरलेले आणि १५१ मीटरपर्यंत खोल असलेले हे युरोपातील सर्वांत मोठे ज्वालामुखीजन्य सरोवर समजले जाते. बिसेन्तिना आणि मार्ताना ही दोन बेटे वरून स्पष्ट दिसतात.

लोणार पाहिलेल्या माणसाला वर्तुळाकार पाणी दिसताच तेच आठवते, परंतु दोन्हींची जन्मकथा वेगळी आहे. लोणारचे विवर अशनीच्या आघाताने बेसॉल्टमध्ये पडले. बोल्सेनाचा खळगा मात्र जमिनीखालचा शिलारस बाहेर पडल्यानंतर वरची जमीन आत बसत गेल्यामुळे झाला. जे बाहेर पडले त्याचाच एक भाग चिवितेचा माथा झाला आहे. उन्हाळ्यात येथून सूर्यास्त थेट सरोवरावर होतो. वारा जोराचा असतो, म्हणून उबदार कपडा जवळ ठेवावा.

ओर्विएतोच्या कड्याखालून

ओर्विएतो सर्वांनाच वरून माहीत असते, मी ते खालून पाहण्याचा आग्रह धरते. कड्याच्या पायथ्याने संपूर्ण शहराला फेरी घालणारी पायवाट आहे. वाटेत क्रोचिफिस्सो देल तुफो ही एत्रुस्कन दफनभूमी लागते, जिची दगडी दालने गल्लीतल्या घरांप्रमाणे ओळीने उभी आहेत. या वाटेवरून कडा अगदी हाताच्या अंतरावर येतो, आणि ठोकलेल्या सळ्यांची टोके, भरलेल्या भेगा जवळून दिसतात. येथेही खाली चिकणमाती आणि वर टफच आहे. १९७० च्या दशकातील पडझडीनंतर इटलीने १९७८ मध्ये ओर्विएतोचा कडा आणि तोदी या शहराची टेकडी यांच्या रक्षणासाठी खास कायदा केला, कडा बांधला आणि शहराच्या पाणी व सांडपाण्याच्या वाहिन्याही सुधारल्या, कारण वर गळणारे पाणी अखेर खालच्या मातीपर्यंतच पोहोचत होते.

हाच दगड आतून पाहायचा असेल तर संत पॅट्रिक यांच्या नावाची विहीर पाहावी. १५२७ मध्ये रोम लुटले गेल्यावर येथे आश्रयाला आलेले पोप सातवे क्लेमेंट यांनी ती खोदायला लावली. सुमारे ५३ मीटर खोल, दोन स्वतंत्र सर्पिल जिने, त्यामुळे पाणी आणायला उतरणारे आणि पाणी घेऊन चढणारे प्राणी समोरासमोर येत नसत. जिन्याच्या खिडक्यांतून येणारा उजेड उतरताना मंद होत जातो आणि भिंतीतला दगड बदललेला जाणवतो.

धागाकर्तीकडून

सर्वांचे मनःपूर्वक आभार. एका वाचकाने खासगीत विचारले आहे की एकच दिवस हाती असेल तर क्रम कसा ठेवावा. सकाळी लवकर लुब्रियानो, त्यानंतर जमीन कोरडी असल्यास बुकायोनेतून दरी, दुपारच्या उन्हात गावातील संग्रहालय, आणि परतताना बेलव्हेदेरे. रविवारी आणि सुट्टीच्या दिवशी बसच्या फेऱ्या कमी असतात, त्यामुळे वेळापत्रक आदल्या दिवशी तपासावे. तोदीची टेकडी कोणी पायथ्यापासून पाहिली असल्यास त्यांनी अवश्य लिहावे. तो भाग अजून येथे आलेला नाही.