चिमणीला यंत्र लावा म्हणे!

चेंबूर नाका:
सोसायटीच्या ग्रुपवर सकाळी एक महाशय लिहितात, 'ट्रॉम्बेच्या कोळशाच्या वीजकेंद्राच्या चिमणीला कार्बन पकडणारं यंत्र बसवा, वीज चालू, प्रदूषण बंद.' लगेच अंगठ्यांचा पाऊस. अहो, कोळशाच्या धुरात कार्बन डायऑक्साइड जेमतेम १२-१४ टक्के. तो वेचायला धूर अमाइनच्या, म्हणजे हा वायू शोषणाऱ्या रसायनाच्या, द्रावणातून न्यायचा, मग द्रावण १२० अंशांच्या आसपास तापवून वायू सोडवायचा. त्याला लागणारी वाफ कुठली? टर्बाइनची. पाव-एक वीज तिथेच गेली. भरपाई म्हणून आणखी कोळसा जाळा!

निवृत्त बॉयलरवाला:
आयुष्य बॉयलरपुढे काढलंय, वाफेचं मला शिकवू नका. कॅनडातल्या बाउंड्री डॅम वीजकेंद्रात असं यंत्र २०१४ पासून चालू आहे. आपल्याकडे मध्य प्रदेशातल्या विंध्याचल वीजकेंद्रात २०२२ पासून वायू पकडतात, मिथेनॉलसाठी. कोळसा उद्या बंद होणार नाहीये. संध्याकाळी सातला एसी लावता तेव्हा सूर्य कुठे असतो?

चेंबूर नाका:
विंध्याचलचा प्रकल्प रोज २० टनांचा! ५०० मेगावॉटचा एक संच पूर्ण भाराने चालला तर दिवसाला दहा हजार टनांच्या आसपास सोडतो. आणि टेक्सासचं पेट्रा नोव्हा, तेही कोळशाच्या केंद्रावरचं असलंच यंत्र, विसरलात? पकडलेला वायू जमिनीत घालून तेल उपसायचे. २०२० मध्ये तेलाचे भाव पडले, कुलूप. २०२३ मध्ये पुन्हा उघडलं. हवामान वाचवतायत म्हणे.

माहुलकर ताई:
तुमचं अमाइन राहू दे. गॅलरीत पांढरा परकर वाळत टाकला की संध्याकाळी करडा. लेकाचा दम्याचा पंप दप्तरात असतो. आधी धूळ आणि गंधक बघा.

निवृत्त बॉयलरवाला:
ताई, गंधक काढल्याशिवाय अमाइन टिकतच नाही, नासतं. म्हणजे कार्बन पकडायचा तर गंधक आधी धुवावंच लागणार. ट्रॉम्बेत ते समुद्राच्या पाण्याने धुतातही. पण गंधक धुण्याचा २०१५ चा नियम दहा वर्षं ढकलत २०२५ मध्ये देशातल्या बहुतेक केंद्रांना सूट दिली, तेव्हा तुमचे पर्यावरणवाले कुठे होते?

गोवंडीकर:
परकर चिमणीने करडा होत नाही, बांधकामाने होतो. समोर तीस मजली टॉवर चाललाय. महापालिकेचा २०२३ चा नियम बांधकामाभोवती ३५ फुटी पत्र्यांचा. इथे पत्रे माझ्या खांद्याला लागतात! पाणी मारतात ते साहेब येणार असले की.

माहुलकर ताई:
म्हणजे मी खोटं बोलते? तुम्ही राहून बघा इकडे.

गोवंडीकर:
मी काय मलबार हिलला राहतो?

चेंबूर नाका:
विषय कोळशाचा होता. बरं, बॉयलरवाले, सिमेंटसाठी तुमचं यंत्र मान्य. तिथे चुनखडीतूनच वायू निघतो, दुसरा इलाज दिसत नाही. खूष? कोळशासाठी मात्र माझ्या वीजबिलात एक पैसा नको.

निवृत्त बॉयलरवाला:
उपकार झाले. आणि गोवंडीकर, त्या टॉवरच्या पुनर्विकासाला संमतीची सही कोणी केली होती, तेही सांगा की इथे.

गोवंडीकर:
ती आमची सोसायटी नाही. आमची सही पुढच्या महिन्यात आहे.