मदत हवी: १९४४ च्या फोर्ड जीपचे शॅकल बुश मुंबईतच बनवून घ्यायचे आहेत

नमस्कार मंडळी,

मामांची १९४४ ची फोर्ड जीपीडब्ल्यू गेल्या दिवाळीत माझ्याकडे आली. ही जीप विलीज आणि फोर्ड दोघांनी बनवली; माझी विलीज नव्हे, फोर्डच. चेसिसचा पुढचा आडवा दांडा नळीचा नाही, उलट्या यू आकाराचा आहे आणि बऱ्याच बोल्टांच्या डोक्यावर एफ आहे. भांडुपला बिल्डिंगच्या मागे पत्र्याखाली उभी असते. इंजिन ठणठणीत, दुखणं आहे ते कमान पाट्यांचं.

ही गाडी खालून न पाहिलेल्यांसाठी: प्रत्येक पाट्याचं एक टोक चेसिसला यू शॅकलने, म्हणजे यू आकाराच्या लोखंडी कडीने, टांगलेलं असतं. शॅकलच्या दोन्ही पायांना आटे, त्यावर आतून आटे पाडलेले पोलादी बुश, म्हणजे छोट्या नळ्या. एक बुश पाट्याच्या डोळ्यात (टोकाच्या गोल वळशात) पक्का, दुसरा चेसिसच्या ब्रॅकेटमध्ये. चाक खड्ड्यात गेलं की हालचाल होते ती या आट्यांमध्येच. रबर नाही, काही नाही. आटे हेच बेअरिंग, म्हणजे ग्रीस संपलं की ते एकमेकांना खातात. मामांनी शेवटच्या वर्षांत ग्रीसगनला हात लावला नसावा. पुढचा डावा बुश तर बोटांनी हलवला तरी खडखडतो.

कुर्ल्याला सीएसटी रोडवर दोन शनिवार घालवले. "महिंद्राचाच लागतो, घेऊन जा" म्हणून दिलेला बुश बसला नाही. परदेशातून मागवता येतात, माहीत आहे. तसा कस्टम ड्युटी भरून आणलेला एक पंप कपाटात पडलाय, चुकीचा निघाला. म्हणून आधी इथे विचारतोय.

घरी बनवलेल्या भागांचं मला वावडं नाही. काच आडवी पाडली की बॉनेटवरच्या ज्या लाकडी ठोकळ्यांवर टेकते, ते मी जुन्या सागवानी चौकटीतून कोरलेत. नागदेवीहून कॉर्क शीट आणून पॅकिंगही कापलीत. पण पॅकिंग चुकली तर तेल गळेल, एवढंच. पाटा सुटला तर मी स्टिअरिंगवर असेन.

ओळखीचा लेथवाला म्हणतो, नमुना द्या, एमएसमध्ये (माइल्ड स्टील, साधं मऊ पोलाद) आठही बुश दोन दिवसांत काढून देतो. माझी शंका अशी की नमुनाच झिजलेला आहे. तो जसाच्या तसा उतरवला तर झीजही उतरणार ना? आणि एमएस टिकेल का? कोणी हे केलंय?

प्रतिसाद १
टूलरूममध्ये नोकरी झाली आहे, त्यावरून सांगतो. बुश मोजू नका. शॅकल काढा, रॉकेलने धुवा. आट्यांचा जो भाग बुशमध्ये कधी गेलाच नाही तो कोरा सापडेल, इंची थ्रेड गेज (आटे मोजायची दातेरी पट्टी) तिथे लावा. तुमच्या लेथवाल्याचं मशीन मेट्रिक असेल तर १२७ दात्यांचा गिअर आहे का विचारा. इंच म्हणजे २५.४ मिमी, त्यामुळे त्या गिअरशिवाय इंची आटे तंतोतंत पडत नाहीत. "जवळपास बसतं" म्हणाला तर दुसरा गाळा बघा.
एमएस अजिबात नको. ईएन ३५३ हे मिश्र पोलाद घ्या आणि केस हार्डनिंग करा. वरची कातडी कडक, आतला गाभा चिवट राहतो. हार्डनिंगमध्ये माप थोडं हलतं, म्हणून आधी एकच बुश करून बघा. दारूखान्याच्या भंगार बाजारातला बिनओळखीचा दांडा स्वस्त मिळेल, तो नको.

प्रतिसाद २
गनमेटल (एक प्रकारचं कांसं) का नको? घासायला उत्तम असतं.

प्रतिसाद १
घासायला उत्तम, पण इथे रोज हातोडा बसतो. आटे पसरतील.

प्रतिसाद ३
धागाकर्ते, आठातले दोन बुश उलट्या आट्यांचे असतात, पुढच्या डाव्या आणि मागच्या उजव्या शॅकलला पाट्याच्या बाजूने एकेक. तसा शॅकल ओळखायचा तर खालच्या पायावर घडवतानाच ठेवलेली छोटी गाठ बोटाला लागते. बसवताना दोन्ही बुश आळीपाळीने थोडे थोडे फिरवा, एक पूर्ण आवळून मग दुसरा असं करू नका. शेवटी शॅकल हाताने झुलला पाहिजे.

धागाकर्ता
काका, दादा, खूप आभार. आज पुढचा डावा शॅकल काढला. गाठ आहे! म्हणजे उलटे आटे. आणि त्यावर कोणीतरी सरळ आट्यांचा बुश पान्याला पाईप लावून दाबून चढवलाय. अर्धे आटे सोलून निघालेत. त्याला झीज समजून मी उगाच मामांच्या ग्रीसगनला नावं ठेवत होतो. बाकी तीन शॅकलचे आटे गेजला नीट बसतात.
आता हा एक शॅकलही बनवून घेता येईल का?

प्रतिसाद १
नाही. तो फोर्ज केलेला, म्हणजे तापवून ठोकून घडवलेला आहे, दांडा वाकवून वेल्ड केलेला चालणार नाही. तेवढा मागवा. यावेळी गाठ कुठे आहे त्याचा फोटो विकणाऱ्याला आधी पाठवा.

धागाकर्ता
मागवतो. बुश इथेच, ईएन ३५३ मध्ये, सहा सरळ आणि दोन उलटे. लेथवाल्याकडे १२७ चा गिअर आहे, पण तो कुठल्या डब्यात ठेवलाय ते त्याला आठवत नाहीये. रविवारी दोघं मिळून शोधणार आहोत.