‘थोर’ की ‘थॉर’?

मुळाक्षर : नॉर्स, म्हणजे प्राचीन स्कँडिनेव्हियन, पुराणकथांच्या किशोरांसाठी केलेल्या भाषांतरात मेघगर्जनेच्या देवाचे नाव मी मूळ भाषेतील दीर्घ ओकार जपून ‘थोर’ असे लिहिले होते. ‘थोराने हातोडा उगारला’ हे वाक्य मुद्रितशोधकाकडून ‘थोरांनी हातोडा उगारला’ असे आदरार्थी होऊन परत आले! ‘थॉर’ लिहावे, तर तो इंग्रजी उच्चार होतो. काय करावे?

दौत : मुले त्याला ‘थॉर’ म्हणूनच ओळखतात, तेव्हा तेच ठेवावे. शुद्धतेचाच आग्रह असेल, तर आजचे डेन्मार्क-स्वीडन ‘तोर’ म्हणते. पण ‘तोराने’ लिहिताच वाचकाला तोरा दिसेल.

पिंपळपान : ‘थोरियम’ आपण बिनतक्रार लिहितो. स्वीडिश रसायनशास्त्रज्ञ बर्झेलियसने १८२९ मध्ये त्या धातूला याच देवाचे नाव दिले. शिवाय आपला ‘थोर’ आणि हा देव मुळात एकच असावेत, असे मला फार दिवसांपासून वाटते.

मुळाक्षर : तसे नाही. आपला ‘थोर’ संस्कृत ‘स्थूर’ म्हणजे जाडजूड या शब्दाच्या कुळातला आहे. देवाचे नाव जुन्या जर्मानिक भाषेतील गडगडाटवाचक शब्दावरून आले असून जर्मन ‘डोनर’ आणि इंग्रजी ‘थंडर’ ही त्याचीच भावंडे होत. आपल्याकडचा त्याचा सोयरा आहे ‘स्तनयित्नु’, म्हणजे बृहदारण्यक उपनिषदात ‘द द द’ असा घोष करणारा मेघ.

दौत : इंग्रजांचा ‘थर्सडे’ही त्याचाच. रोमनांचा हा वार वज्रधारी ज्युपिटरचा होता, म्हणून जर्मानिक लोकांनी तिथे आपला गडगडाटी देव बसवला. आपल्याकडे मात्र तो वार शांत गुरुजींना मिळाला आणि वज्र बाळगणाऱ्या इंद्राच्या वाट्याला एकही वार आला नाही.

पिंपळपान : बृहस्पतीला शांत म्हणणे मला मान्य नाही. ऋग्वेदाच्या चौथ्या मंडलात तो नुसत्या गर्जनेने वल या असुराला फोडतो. माझी आजी गुरुवारला ‘बेस्तरवार’ म्हणत असे. त्यात बृहस्पतीचे नाव ‘गुरुवारा’पेक्षा अधिक जिवंत आहे.

दौत : गोव्यात ‘बिरेस्तार’ म्हणतात आणि मूळ ‘बृ’ला तेच रूप अधिक जवळचे आहे.

पिंपळपान : जवळचे असेलही, पण मराठी बोलीत रुळलेला शब्द ‘बेस्तरवार’च आहे.

मुळाक्षर : वारांचा निकाल लागेल तेव्हा लागो, मला हातोडा उगारणाऱ्याचे नाव सोमवारपर्यंत ठरवून द्यायचे आहे.