धडगाव ते मालदीव

‘परदेशात मास्तरकी म्हणजे नुसता पैसा’ असं कोणीतरी म्हटलंय. मी इथलं आणि परदेशातलं, दोन्हीकडचं पाणी प्यायलोय, म्हणून लिहितो.

शिक्षणसेवक (पहिली तीन वर्षं मानधनावर काम करणारा शिक्षक) म्हणून पहिली नेमणूक नंदुरबार जिल्ह्यातल्या धडगाव तालुक्यात, पाड्यावरच्या शाळेत. तेव्हा मानधन ६,००० रुपये, तेही दोन-दोन महिने लटकायचं. (२०२३ मध्ये ते १६,००० झालं, आमची तीन वर्षं तोवर संपली होती.) मी अमळनेरकडचा, घरात अहिराणी. पुस्तक प्रमाण मराठीत, पोरं पावरी ही आदिवासी बोली बोलणारी. पहिला महिना चित्रं आणि हातवाऱ्यांवर काढला. चौथीतली एक पोरगी मला शब्द शिकवायची, चुकलो की फळ्यामागे तोंड लपवून हसायची. होळीआधी आदिवासींचा भोंगऱ्या बाजार लागला की वर्ग रिकामा. हजेरी मांडून मीही बाजारात!

पुढे मालदीवला गेलो. पगार बरा, पण पुन्हा तेच: पुस्तक इंग्रजीत, पोरं दिवेही बोलणारी. सुट्टी शुक्रवार-शनिवार. रविवारी मी वर्गावर असताना आईचा हमखास फोन, ‘जेवना का भाऊ?’ (जेवलास का?) कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाची भाकरी तिथे कुठली? मासे आणि भात.

परदेशात नोकरी लावून देणाऱ्या एजंटला आगाऊ पैसे देऊ नका. माझे बुडाले.