काढता येणारं फेअरिंग, दोन पेट्या, आणि म्हणे 'झाली टूरर'!

घाटमाथा:
कालच्या एका पोस्टने डोकं फिरलंय, म्हणून हा वेगळा धागा. रॉयल एनफिल्डच्या क्लासिक 350 ला हँडलवर क्लॅम्पने बसणारं फेअरिंग (वारा अडवणारं पुढचं कवच), दोन्ही बाजूंना अ‍ॅल्युमिनियमच्या पेट्या, मागे टॉप बॉक्स. वर उपदेश: 'पाच मिनिटांत लावा, पाच मिनिटांत काढा. लांब पल्ल्याच्या टूरर गाडीवर पैसे घालणारे येडे.' आणि खाली नुसती वाहवा!

अरे, 195 किलोची, 20 बीएचपीची गाडी ती. सांगाड्यासकट रिकाम्या पेट्याच दहा-पंधरा किलो, मग त्यात सामान. टॉप बॉक्स मागच्या एक्सलच्याही मागे, म्हणजे जितका भराल तितकं पुढचं चाक हलकं. आणि फेअरिंग फ्रेमला नाही, हँडलला! वाऱ्याचा प्रत्येक धक्का थेट स्टिअरिंगमध्ये. साताऱ्याच्या वर चाळकेवाडीला पवनचक्क्या शोभेला नाही उभ्या केलेल्या. हा जामानिमा घेऊन तिथे जा, मग पाच मिनिटांच्या गोष्टी सांगा.

चेनस्प्रॉकेट:
तुमच्या दारात फेअरिंगवाली दुसरी गाडी उभी आहे, तुम्हाला बोलायला काय जातंय? आमच्याकडे एकच. सोमवार ते शनिवार चाकण एमआयडीसी, जोडून सुट्टी मिळाली तर कोकण. त्या पेट्या घेऊन रोज तळेगाव चौकात अडकू? म्हणून काढता येणारं लागतं. आणि हार्लेच्या इलेक्ट्रा ग्लाइड या टूररचं बॅटविंग फेअरिंगही फोर्कवरच, म्हणजे हँडलसोबत वळणारंच असतं. ते लोक काय रोज आडवे होतात?

घाटमाथा:
ती साडेतीनशे किलोच्या वरची गाडी आहे आणि कंपनीने फेअरिंग धरूनच बनवलीय. त्याच हार्लेने रोड ग्लाइड या दुसऱ्या मॉडेलचं फेअरिंग फ्रेमवर नेलं, ते नाही सांगितलंत. 1970 च्या दशकात क्रेग व्हेटर या अमेरिकन डिझायनरचं विंडजॅमर फेअरिंग आलं. तेही बाहेरून घेऊन निरनिराळ्या गाड्यांना लावायचंच होतं, पण बसायचं फ्रेमला. अक्कल तेव्हाही होती.

निवृत्त_फिटर:
दोघेही वाऱ्यावर भांडताय. खरा त्रास फेअरिंगच्या काचेचा. आखूड काच छातीवरचा वारा उचलते आणि नेमका हेल्मेटवर आणून आपटते, रत्नागिरी येईस्तोवर डोकं भणभणतं. काचेच्या खालून थोडी हवा आत येऊ द्या, बराच फरक पडतो. पेट्यांच्या सांगाड्याला नायलॉक नट घाला, आत नायलॉनचं कडं असलेले, सहज सैल न होणारे. 350 च्या थरथरीत साधे नट महाडपर्यंत टिकले तर नशीब.

मागची_सीट:
फेअरिंग गेलं खड्ड्यात. पेट्यांचा सांगाडा बसवताना दुकानदार आधी काय काढतो? साडी गार्ड, मागच्या चाकात कपडा जाऊ नये म्हणून असलेली जाळी! आमच्या ह्यांच्या गाडीचं काढलं, वर मलाच ऐकवलं, 'मॅडम, टूरिंगला कोण लावतं?' पेट्या उतरल्यावर ते परत लावायची आठवण कुणाला? कराडजवळ माझी ओढणी चाकात गेली. गळ्याला गुंडाळलेली नव्हती, खांद्याला पिनेने लावलेली होती, म्हणून आज हे टाइप करतेय. पिनेसकट कुर्त्याचा खांदा फाटला. रस्त्याकडेला बसून ह्यांनी पकडीने स्पोकमधून चिंध्या उपसल्या, चेनचं काळं वंगण लागलेल्या.

पावशेर_पेट्रोल:
ताई, ओढणी आवरून बसायचं ना. प्रत्येक वेळी गाडीचाच दोष? आणि ते गार्ड दिसतं किती भिकार.

मागची_सीट:
भिकार दिसतं! केंद्रीय मोटार वाहन नियमांतला 123 वाचा. मागचं चाक निम्मं तरी झाकणारं संरक्षण, मागच्याला धरायला मूठ, पाय ठेवायला फूटरेस्ट, सगळं सक्तीचं आहे. टॉप बॉक्सच्या प्लेटसाठी तुम्ही लोक ती मूठही काढता. मग मी काय धरायचं, देवाचं नाव?

चेनस्प्रॉकेट:
पेटी असली की चाक झाकलं जातंच की.

मागची_सीट:
आणि काढल्यावर? 'काढता येते' याचंच कौतुक चाललंय ना सकाळपासून?

घाटमाथा:
घ्या! शिवाय मोटार वाहन कायद्याचं कलम 52 आहेच. मूळ बनावटीत फेरफार नको, हे सर्वोच्च न्यायालयाने 2019 मध्ये स्पष्ट सांगितलंय.

चेनस्प्रॉकेट:
आला आरटीओ मदतीला! सुटी पेटी म्हणजे बनावटीत फेरफार? 2020 मध्ये केंद्रानेच दुचाकीवर हलका कंटेनर लावायची मुभा दिली. मागच्याच्या जागेवर लावलात तर मागे माणूस नाही, त्या जागेच्याही मागे लावलात तर माणूस चालतो. 2021 पासून बजाज डॉमिनार 400 ला उंच काच, हँडगार्ड, कॅरिअर कारखान्यातूनच लावून देतंय. त्यांच्यावरही गुन्हा नोंदवा.

घाटमाथा:
कारखान्यातून आलं म्हणजे तपासून आलं. तुमचं क्लॅम्प कुणी तपासलंय, कुरिअरवाल्याने?

चेनस्प्रॉकेट:
बरं बाबा. अवजारं टँक बॅगेत घेतो, टॉप बॉक्समध्ये फक्त रेनकोट आणि आईने दिलेल्या चकल्या. झालं समाधान महाराजांचं? फेअरिंग मात्र उतरणार नाही.

मागची_सीट:
आणि गार्ड?

चेनस्प्रॉकेट:
माळ्यावर असेल. बघतो.

निवृत्त_फिटर:
'बघतो' नको. सांगाड्याला आतून दोन पट्ट्या वेल्ड करून घे आणि गार्ड त्यांवर बसव. पेटी असो-नसो, गार्ड जागेवर राहतं. सायलेन्सरच्या बाजूला अंतर सोड, नाहीतर पेटीचा तळ भाजेल.

चेनस्प्रॉकेट:
काका, चाकण-भोसरीकडे ओळखीचा वेल्डर असेल तर व्यनि (खासगी निरोप) करा.