मदत हवी आहे: क्रियांचा क्रम हा संकेत आहे की गणिती सत्य?

नमस्कार. पुतणीला पदावली सोडवायला शिकवताना मी एका प्रश्नापाशी अडकलो आहे. २ + ३ × ४ याचे उत्तर १४ येते, २० येत नाही, हे मी तिला 'कंचेभागुबेव' (कंस, चे, भागाकार, गुणाकार, बेरीज, वजाबाकी असा क्रम) सांगून पटवले. त्यावर तिने विचारले, "गुणाकार आधी, हे कोणी ठरवले की ते मुळातच तसे असते?" मी "तो नियमच आहे" म्हणून वेळ मारून नेली, परंतु ते उत्तर नव्हे हे तिलाही कळले आणि मलाही.

गुणाकार म्हणजे पुनःपुन्हा केलेली बेरीज, म्हणून तो आधी उलगडावा लागतो, असा युक्तिवाद बरेचदा केला जातो. कागदावर मांडून पाहिल्यावर तो मला लंगडा वाटला. ३ ची जोडी ४ शी आहे असे आधीच धरले तरच २ + ४ + ४ + ४ मिळते. २ आणि ३ आधी एकत्र घेतले तर ४ पाच वेळा मिळवावे लागतात, आणि तरीही गुणाकार ही पुनःपुन्हा केलेली बेरीजच राहते. म्हणजे जे सिद्ध करायचे तेच येथे गृहीत धरलेले आहे.

माझा कल संकेताकडे झुकला तो आपल्याच 'चे' मुळे. १२ ÷ ६ × १/२ हे डावीकडून सोडवले तर १ येते. पण १२ ÷ ६ चे १/२ असे लिहिले की 'चे' भागाकाराच्या आधी येत असल्याने १२ ÷ ३, म्हणजे ४ येतात. 'चे' म्हणजेही गुणाकारच. क्रिया तीच असताना केवळ चिन्ह बदलल्याने तिचा अग्रक्रम बदलत असेल, तर तो अग्रक्रम क्रियेचा कसा म्हणावा?

तरीही वितरणाच्या नियमापाशी माझी खात्री डळमळते. अ × (ब + क) = अ × ब + अ × क यात गुणाकार बेरजेवर पसरतो, बेरीज गुणाकारावर पसरत नाही. ही असमानता तर कोणी ठरवलेली नाही. मग गुणाकाराचा अग्रक्रम तिच्यातूनच अपरिहार्यपणे निघतो का? जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद:
असमानता खरी आहे, परंतु तिच्यातून अग्रक्रम निघत नाही. बेरीज आधी करायची असा उलटा संकेत धरा आणि तोच नियम पुन्हा लिहा: अ × ब + क = (अ × ब) + (अ × क). नियम जसाच्या तसा राहिला, फक्त कंस डावीकडून उजवीकडे गेले. याहून स्पष्ट पुरावा पोलिश तर्कशास्त्रज्ञ यान लुकासिएविच यांच्या लेखनपद्धतीत मिळतो, कारण तिच्यात चिन्ह आकड्यांच्या आधी येते. आपले १४ चे उदाहरण + २ × ३ ४ असे होते आणि २० चे × + २ ३ ४ असे. कंसही नको आणि अग्रक्रमही नको. एपीएल ही संगणकभाषा क्रिया उजवीकडून करते, स्मॉलटॉक डावीकडून, आणि त्यामुळे २ + ३ × ४ या मांडणीचे उत्तर एपीएलमध्ये १४ तर स्मॉलटॉकमध्ये २० येते. २ + (३ × ४) = १४ आणि (२ + ३) × ४ = २० ही दोन्ही विधाने मात्र सर्वत्र खरी आहेत.

अर्थात संकेत म्हणजे लहर नव्हे. ३क्ष² + ५क्ष + २ अशी बहुपदी बीजगणितात पानोपानी येते, आणि आजच्या संकेतामुळे ती एकाही कंसाशिवाय लिहिता येते.

मूळ प्रश्नकर्ता:
मनःपूर्वक आभार. उलट्या संकेताने तीच बहुपदी पुतणीकडून लिहून घेतली, तेव्हा तिला (३ × क्ष²) + (५ × क्ष) + २ असे कंस घालावे लागले आणि "हे कंटाळवाणे आहे" हे तिचे तिनेच सांगितले. एक उपप्रश्न तेवढा उरला आहे. −३² चे उत्तर एक्सेलमध्ये ९ येते आणि पायथन या संगणकभाषेत −९, कारण एक्सेल ऋण चिन्ह घाताच्या आधी लावते. वहीत −९ च लिहायचे हे मी तिला सांगितले आहे. मात्र एक्सेलचे उत्तर चूक म्हणावे की निराळा संकेत, याविषयी आपले मत वाचायला आवडेल.